'पॅटन' (१९७०) : वादग्रस्त सेनानीचे चित्रण आणि त्यातील गाळलेल्या जागा

युद्धपट हा इतिहासाचा दस्तऐवज मानावा की त्याची कलात्मक पुनर्रचना, हा प्रश्न इतिहास व चित्रपट या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांना नेहमीच पडत आला आहे. या दृष्टीने फ्रँकलिन शॅफ्नर दिग्दर्शित 'पॅटन' हा अमेरिकन चित्रपट विशेष अभ्यसनीय ठरतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, सिसिली व पश्चिम युरोप येथे सैन्याचे नेतृत्व करणारे जनरल जॉर्ज पॅटन हे त्याचे नायक होत. फ्रान्सिस फोर्ड कपोला व एडमंड नॉर्थ यांची पटकथा, जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत आणि शीर्षक भूमिकेत जॉर्ज सी. स्कॉट, अशी या जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटाची जडणघडण आहे.

चित्रपटाचा प्रारंभच वादाचा विषय झाला. संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या अमेरिकन राष्ट्रध्वजापुढे पॅटन एकटे उभे राहतात आणि न दिसणाऱ्या सैनिकांना उद्देशून भाषण करतात. पॅटन यांनी १९४४ मध्ये आपल्या तिसऱ्या सेनेपुढे केलेल्या भाषणांवर ते आधारलेले आहे; मूळ भाषणांतील शिवराळपणा मात्र बराच सौम्य केलेला दिसतो. त्यांच्या शिरस्त्राणावर येथे चार तारे आहेत, वास्तविक चौथा तारा त्यांना एप्रिल १९४५ मध्ये मिळाला. स्कॉट यांचा घोगरा, दमदार आवाजही पॅटन यांचा नव्हे. खऱ्या पॅटन यांचा आवाज काहीसा उंच पट्टीतला व किनरा होता. तथापि आज पॅटन म्हटले की लोकांच्या कानांत स्कॉट यांचाच आवाज घुमतो. चित्रपट इतिहासावर कशी मात करतो याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

या चित्रणामागील साधनांचा विचार येथे आवश्यक आहे. पटकथेला दोन ग्रंथांचा आधार आहे: लॅडिस्लास फॅरॅगो यांचे पॅटनचरित्र आणि जनरल ओमर ब्रॅडली यांच्या युद्धस्मृती. ब्रॅडली चित्रपटाचे लष्करी सल्लागारही होते. सिसिलीत ते पॅटन यांच्या हाताखाली होते. पुढे १९४४ मध्ये फ्रान्समध्ये ते त्यांचे वरिष्ठ झाले. दोघांच्या स्वभावांत व युद्धविषयक धारणांत मोठे अंतर होते. पॅटन कुटुंबीयांनी सहकार्य नाकारल्याने त्यांच्या रोजनिश्या निर्मात्यांना उपलब्ध झाल्या नाहीत. साहजिकच कार्ल माल्डन यांनी साकारलेले ब्रॅडली समंजस, सैनिकांची काळजी वाहणारे दिसतात आणि पॅटन कीर्तीच्या मागे धावणारे. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही; परंतु ते एका सहकाऱ्याच्या नजरेतून आलेले आहे, हे प्रेक्षकाला कळण्याची सोय चित्रपटात नाही.

सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग थप्पड मारण्याचा. चित्रपटातील पॅटन लष्करी रुग्णालयात एका जबर जखमी सैनिकाच्या उशीवर पदक ठेवतात, त्याच्या कानात काही पुटपुटतात, आणि लगेच एका रडणाऱ्या सैनिकाला पाहून संतापाने त्याला मारतात. करुणेपाठोपाठ क्रौर्य येते. ही मांडणी इतकी प्रभावी आहे की प्रेक्षकाला संतापाचे कारण समजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात असे प्रसंग दोन घडले, ३ व १० ऑगस्ट १९४३ रोजी, दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत. पहिल्या सैनिकाला हिवताप व जुनाट आमांश असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. दुसरा आपली तुकडी सोडण्यास तयार नव्हता; वैद्यकीय आदेशावरून त्याला मागे पाठविण्यात आले होते. चित्रपटाने दोहोंचा एक प्रसंग केला, तेव्हा हा तपशील गळाला. पडद्यावर उरला तो केवळ खचलेला, रडणारा एक सैनिक. एकदा घडले तर तो क्षणिक तोल जाणे म्हणता येते. आठवडाभरात दोनदा घडले तर ती वृत्ती ठरते. म्हणूनच ही कपात निव्वळ पटकथेची सोय मानता येत नाही.

काही घटना तर चित्रपटात मुळीच नाहीत. १४ जुलै १९४३ रोजी सिसिलीतील बिस्कारी येथे अमेरिकन सैनिकांनी सत्तरहून अधिक इटालियन व जर्मन युद्धकैद्यांना ठार केले. लष्करी न्यायालयापुढे आरोपींच्या बचावात पॅटन यांच्या चढाईपूर्वीच्या भाषणाचा हवाला देण्यात आला. या खटल्यांची वाच्यता त्या काळी होऊ दिली गेली नाही. प्रारंभीच्या त्या भाषणाने भारावणाऱ्या प्रेक्षकाला ही माहिती असती तर? मार्च १९४५ मध्ये हॅमेलबर्गच्या युद्धकैद्यांच्या छावणीवर सुमारे ३०० सैनिकांची तुकडी पाठविण्यात आली. त्या छावणीत पॅटन यांचे जावई होते आणि जवळजवळ संपूर्ण तुकडी मारली वा पकडली गेली. छावण्यांतील ज्यू निर्वासितांविषयीचे त्यांचे तिरस्कारपूर्ण लेखन मात्र १९७४ मध्ये रोजनिश्या प्रसिद्ध झाल्यावर सर्वांसमोर आले. त्याबद्दल १९७० च्या निर्मात्यांना जबाबदार धरणे अन्यायाचे होईल.

व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना हा चित्रपट आला. युद्धसमर्थकांना त्यात कणखर नेता दिसला, युद्धविरोधकांना युद्धाची नशा चढलेला माणूस. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो एकाहून अधिक वेळा पाहिला, आणि ३० एप्रिल १९७० रोजी कंबोडियात सैन्य धाडल्याचे जाहीर केले. या दोहोंत कार्यकारण जोडण्याचा मोह टीकाकारांना आवरला नाही. १९७१ मध्ये चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर मिळाले. स्कॉट यांनी अभिनयाचे पारितोषिक नाकारले.

चित्रीकरण मुख्यतः स्पेनमध्ये, तेथील सैन्याच्या साह्याने झाले. त्यामुळे पडद्यावर युद्धोत्तर अमेरिकन रणगाडेच जर्मन रणगाडे म्हणूनही वावरतात. त्यांतील अनेक तर 'पॅटन' याच नावाचे. भारतीय वाचकाला हे नाव सेनानीपेक्षा रणगाड्यामुळे अधिक परिचित आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे भारतीय सैन्याने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने निकामी केले. तेथेच अब्दुल हमीद यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

चित्रपटाच्या अखेरीस निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे पॅटन आपल्या कुत्र्यासह मोकळ्या माळावरून चालत जातात; पडद्यामागून त्यांच्याच आवाजात रोमन विजेत्यांच्या मिरवणुकीची कथा ऐकू येते. पुढचे काही दाखविलेले नाही. ९ डिसेंबर १९४५ रोजी जर्मनीत मोटार अपघातात ते जबर जखमी झाले, २१ डिसेंबरला हायडेलबर्गच्या रुग्णालयात निधन पावले आणि लक्झेंबर्गमधील लष्करी दफनभूमीत आपल्या सैनिकांजवळ त्यांचे दफन झाले.