फासे पडले, पण टाकले कोणी?

दैवावर भरवसा ठेवावा, पण हिशेब लिहून ठेवावा, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा खाक्या. यंदाच्या मे महिन्यात किहीमला, सुरूच्या सावलीत, या दोहोंची परीक्षा एका संगणकाने पाहिली.

माझ्या भाच्याने त्यावर फाशांचा खेळ रचला होता. कळ दाबायची, एक ते सहांतला आकडा पडायचा, तो गुणांत मिळवायचा. शंभर आधी गाठील तो जिंकला. प्रथम गुण साठेनातच! ‘गुण शून्य’ ही आज्ञा डाव मांडताना एकदाच द्यायची. ती त्याने दर फाशाला चालणाऱ्या ओळींत घातली होती. दर घासाला ताट धुवावे, तसा प्रकार! ती ओळ वर नेताच बेरीज टिकू लागली.

मग आत्याबाई कडाडल्या, “लबाड आहे रे तुझं यंत्र! दहा वेळा टाकलं, एक सहा पडेल तर शपथ!”

आक्षेप अगदीच खुळा नव्हे. संगणक फासा टाकीत नाही, गणित करतो. एक मूळ आकडा, त्याला ‘बीज’ म्हणतात, बहुधा घड्याळावरून घ्यायचा आणि आकडेमोड करीत पुढचे काढायचे. बीज तेच, तर फासेही तेच! जॉन फॉन नॉयमन यांची १९४० च्या दशकातली रीत अशी: चार आकडी संख्येचा वर्ग करा, मधले चार आकडे घ्या, पुन्हा वर्ग करा. पण २५०० चा वर्ग ०६२५००००. मधले आकडे पुन्हा २५००. फासा तिथेच रुतला! आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची ६१७४ ही संख्याही वजाबाक्यांच्या अशाच फेऱ्यात सापडते आणि तिथेच थांबते. गणितात तो चमत्कार. फाशांत मात्र घात. आजच्या रीती इतक्या लवकर अडकत नाहीत.

याच किहीमला १९३० साली सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा उलगडा केला, तो टिपणांच्या बळावर. आम्हीही पाटी घेतली. सहाशे फाशांत प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास हवा. पंच्याऐंशी चालेल, चाळीस आले तर यंत्रावर संशय घ्यावा. सहा पडले त्र्याण्णव वेळा. आणि दहा फाशांत एकही सहा न पडणे? ते शंभरांत सोळा वेळा घडतेच. गुणांना मागचे सारे आठवते. फाशाला काहीच आठवत नाही.

आज म्हाडाच्या घरांची सोडतही संगणकावर निघते. तिथे कुणाचा तरी संसार त्या आकड्याकडे डोळे लावून असतो. म्हणून वाचकहो, यंत्राला हात जोडू नका, शिव्याही देऊ नका. पाटी मागा!