गोगलगाईची दीर्घ निद्रा

मी शाळेंत शिकवीत असतांना एका वैशाखांत पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं, दगडांखालून, गोगलगाईचे पांच-सहा शंख वेंचून आणले. प्रत्येकाचें तोंड पातळ, पांढुरक्या पडद्यानें बंद होतें. मेलेले समजून मीं ते खडूंच्या पेटींत ठेविले. जूनमध्यें खिडकींतून पावसाची झड आली, पेटी भिजली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतील दोन ‘मृत’ गोगलगाई फळ्यावर चालतांना दिसल्या! मुलें हंसलीं, मास्तर वरमले.

तो पडदा म्हणजे गोगलगाईनें स्वतः लावून घेतलेलें दार. उन्हाळा लागतांच ती शंखांत मागें सरते व चिकट स्राव सोडते. तो वाळून दार बनतें. हृदयाचे ठोके मंदावतात, अंगांतलें पाणी फारसें उडत नाहीं.

या युक्तीची खरी कसोटी वाळवंटांत लागते. नेगेव्हच्या वाळवंटांतील एका पांढऱ्या गोगलगाईवरील श्मिट-नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांचें संशोधन १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें भरउन्हांत जमीन ६५ अंश सेल्सिअसच्याही वर तापते. हा जीव तर ५० ते ५५ अंशांच्या पुढें टिकत नाहीं. मग तो जगतो कसा? त्याचा शुभ्र शंख बहुतेक ऊन परतवितो. शिवाय तो शंखाच्या वरच्या वेढ्यांत सरकून बसतो. जमिनीला टेकलेल्या खालच्या वेढ्यांत नुसती हवा राहते. झोपेंत दिवसाकांठीं पाणी जातें तें अवघें अर्धा मिलिग्रॅम! हिंवाळी पाऊस पडला कीं खाणें, मीलन, ओल्या मातींत अंडीं घालणें, सारें उरकून पुन्हां दार बंद.

ईजिप्तची एक गोगलगाय तर १८४६ च्या मार्चमध्यें ब्रिटिश म्यूझियममध्यें पुठ्ठ्यावर चिकटविली गेली होती. १८५० मध्यें कोमट पाण्यांत घालतांच ती चालूं लागली.

आमच्या शेतकऱ्यांना मात्र ही निद्रा महाग पडते. १८४७ सालीं कलकत्त्यास आणलेली आफ्रिकन शंखी गोगलगाय आज महाराष्ट्रांतही आहे. २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोवळीं रोपें फस्त केलीं. शंखी गोगलगाय बांधाच्या मातींत उन्हाळा झोपून काढते, आणि उभयलिंगी असल्यानें प्रत्येक गोगलगाय अंडीं घालूं शकते, एका वेळीं शंभरांहूनही अधिक. म्हणून बांधावर सांपडलेला बंद शंख रिकामा समजून तेथेंच टाकूं नये. पहिल्या पावसानंतर, अंडीं घालण्यापूर्वींच, गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें सायंकाळीं शेतांत पसरावीं. पहांटे त्यांखालीं जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेंचाव्या आणि मिठाच्या दाट पाण्यांत बुडवाव्या.