घरातील टाकाऊ वस्तूंतून गौरी-गणपतीची आरास



पोळा जवळ आला, की घरोघरी मखराची चर्चा सुरू होते. थर्माकोलचा विचार आता सोडूनच द्यावा. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्याच्या बदल्यात बाजारातून दुसरे काही विकत आणण्यापूर्वी आपल्या माळ्यावर आणि गोठ्याशेजारी काय पडले आहे, ते पाहावे. द्राक्ष-डाळिंबाची पुठ्ठ्याची खोकी, जुन्या सुती साड्या, लग्नपत्रिका, सुतळी, बांबूच्या कामट्या, मक्याच्या कणसांची पाने एवढ्यावर देखणे मखर उभे राहते. मात्र शेतकऱ्याच्या घरातील अडगळीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे औषधांचे रिकामे डबे. म्हणून आधी त्याबद्दल.

या वस्तू घेऊच नयेत

कीटकनाशकाच्या रंगीत बाटल्या, तणनाशकाचे कॅन, पावडरीच्या चकचकीत पिशव्या दिसायला आकर्षक असतात. गौरीचे मुखवटे बसविण्यासाठी पाच लिटरचा कॅन उंचीला अगदी बरोबर वाटतो. वजनासाठी त्यात धान्य भरले आणि सण झाल्यावर तेच धान्य दळायला गेले, तर काय होईल याचा विचार करावा. "साबणाने चांगला धुतला आहे" हे उत्तर पुरेसे नाही. झाकणाच्या आट्यांत आणि प्लॅस्टिकमध्ये औषधाचा अंश राहतो. अशी भांडी फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, भांड्याला भोके पाडून ते निकामी करावे. घरात आणूच नये. गौरीसाठी घरची पितळी कळशी किंवा धान्याची कोठी उत्तम.

पेरणीनंतर उरलेले गुलाबी रंगाचे बियाणेही रांगोळीत किंवा तोरणात वापरू नये. तो रंग बीजप्रक्रियेच्या औषधासोबतचा आहे आणि लहान मुले दाणे तोंडात घालतात. द्राक्षाच्या घडांना बांधलेली वर्तमानपत्रे फवाऱ्याखाली राहिलेली असतात, तीही बाजूला ठेवावीत. युरियाची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन वाळविली, तर मखराखाली ओल येऊ नये म्हणून अंथरायला चालते, धान्य भरायला नाही.

मखर असे करावे

एक फूट उंचीच्या मूर्तीसाठी अडीच फूट रुंद व तीन फूट उंच मखर पुरते. खोकी उकलून पुठ्ठे सपाट करावेत. दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवताना एकाच्या आतील नळ्या उभ्या, तर दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. भाद्रपदातील दमट हवेत एकेरी पुठ्ठा तिसऱ्या दिवशी मान टाकतो, असा दुहेरी केलेला तग धरतो. मागे कामट्यांची चौकट सुतळीने बांधावी.

चिकटविण्यासाठी मैद्याची खळ करावी. एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवून, एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल असे बघून मंद आचेवर सारखे ढवळत शिजवावा. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात. बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद घरात असला, तरी आपण तो घालू नये. मखर पुढे कुठे जाणार आहे, ते खाली सांगितलेच आहे.

रंगासाठी गेरू पाण्यात भिजवून त्यात थोडी पातळ खळ मिसळावी, म्हणजे तो हाताला लागत नाही. पिवळ्यासाठी हळद आहेच. तिच्यात चिमूटभर चुना पडला, की लाल रंग मिळतो. चुना डोळ्यांत जाऊ न देण्याची काळजी घ्यावी.

फुलांसाठी मक्याच्या कणसाची आतली मऊ पाने घ्यावीत. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात, प्रत्येकीची दुमड घालून पाच-सहा पाकळ्या बुडाशी दोऱ्याने आवळाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. उन्हात त्या आखडतात. जुन्या लग्नपत्रिकांवर गणपतीचे चित्र असल्यामुळे त्या टाकवत नाहीत आणि माळ्यावर साठतात. त्यांचा सोनेरी भाग कापून कमळाच्या पाकळ्या करता येतात. हे काम मुलांना द्यावे.

दिवा आणि वायर

पुठ्ठा, कापड व पाने ही तिन्ही पेट घेणारी आहेत. समई मखराच्या बाहेर, दीड हात पुढे ठेवावी. नायलॉनची साडी दिव्याजवळ नको. ती पेटली तर वितळून अंगाला चिकटते. तापणाऱ्या पिवळ्या बल्बऐवजी एलईडीची माळ लावावी. जोड दिलेली उघडी वायर ओल्या भिंतीला टेकू देऊ नये. रात्री झोपताना माळ बंद करावी.

विसर्जनानंतर

आरास करताना स्टेपलरच्या पिना, टाचण्या व तार शक्यतो टाळावी, त्याऐवजी दोरा आणि खळ वापरावी. खळीचा गोडसर वास असलेले मखर उकिरड्यावर टाकले, की जनावर ते हमखास चघळते. पोटात गेलेली टाचणी जाळीत रुतते, कधी तेथून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते आणि चांगली दुभती गाय हातची जाते. जर आणि चिकटपट्टी काढून पुठ्ठा, पाने व निर्माल्य तुकडे करून थेट कंपोस्ट खड्ड्यात घालावे, वर शेणकाला व मातीचा थर द्यावा. कामट्या सोडवून, त्याच सुतळीने मोळी बांधून माळ्यावर टांगाव्यात. दिवाळीत आकाशकंदिलाच्या सांगाड्याला त्या लागतील.