टिळक, ट्रेन आणि टाळ!

पनवेल लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलता का? जपून हं! अशाच एका गप्पांनी मराठीला ख्रिस्ती भक्तिगीतांचा राजा दिलाय.

साल 1893. नागपूरहून राजनांदगावला निघालेली गाडी. डब्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक आणि एक गोरा साहेब. विषय निघाला संस्कृत काव्याचा. साहेबानं जाताना बायबलचा ‘नवा करार’ हातावर ठेवला, वर भविष्यही सांगून टाकलं: दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल!

10 फेब्रुवारी 1895, मुंबई. टिळकांचा बाप्तिस्मा. डेडलाइन पाळली राव!

माहीत आहे का? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्यामुळे त्यांची श्रद्धा थेट अभंगातच बोलू लागली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभरहून जास्त गीतं आहेत. ऑर्गनला टाळाची टक्कर!

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ वाचताना डोळे भरून आले होते? कवी हेच बरं का.

आता घरची गंमत. नवऱ्याच्या धर्मांतरानं लक्ष्मीबाई पार कोसळल्या होत्या. पण 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढचे 64 अध्याय रचले! नवऱ्यानं सुरू करायचं आणि बायकोनं निस्तरायचं, घरोघरी तेच. (त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर आजच मागवा.)

टिळकांच्याही आधी, 1616 साली, गोव्यात इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सनं मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. ओव्या जवळपास 11 हजार, लिपी मात्र रोमन! त्या पहिल्या आवृत्तीची आज एकही प्रत मिळत नाही. कंप्लीट सोल्ड आउट.

आणि पनवेलकर, कॉलर ताठ करा! बायबलातल्या कथा मराठी कीर्तनात रंगवणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजाचं बेथ एल सिनेगॉग तुमच्याच गावात, 1849 पासून.

जाता जाता एक एक्स्पोर्ट क्वालिटी फॅक्ट. इंग्रजी गीतं मराठीत येतात, हे नेहमीचंच. टिळकांची गाडी उलटी धावली. स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी त्यांची पदं इंग्रजीत नेली आणि ब्रिटनमधल्या चर्चच्या गीतसंग्रहात आपल्या कोकणी टिळकांना रिझर्व्ह्ड सीट मिळाली!