चेंडू सगळ्यांच्या हाताला लागला पाहिजे

आज खेळाबद्दल बोलूया. हळदीकुंकवाला संगीत खुर्ची होते, ८ मार्चला लिंबू-चमचा होतो, ते खेळ एका दिवसाचे. मी बोलतेय ते आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमून खेळायच्या व्हॉलीबॉलबद्दल.

याची सुरुवात नेहमी जोरात होते. पंधरा-सोळा जणी येतात. त्यातल्या दोघी-तिघी शाळेत, कॉलेजात खेळलेल्या असतात. बाकीच्यांनी चेंडू हातात धरलेला असतो तो पोराला परत टाकायला, तेवढाच. खेळ सुरू झाला की चेंडू त्या तिघींतच फिरतो आणि बाकीच्या उभ्या राहतात. चुकून एखादीकडे आला तर सुटतो, कुणीतरी हसतं, कुणीतरी म्हणतं, "अगं सोड, मी घेते." पुढच्या आठवड्यात त्या बाईकडे पाहुणे येतात, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिचे गुडघे दुखतात. महिन्याभरात पाच जणी उरतात आणि मैदान पुन्हा पोरांचं होतं. मग "बायकांना आवडच नाही" असं म्हणून सगळे मोकळे! आवडीचा प्रश्न नंतरचा, आधी तिच्या वाट्याला चेंडू तर येऊ द्या.

गंमत अशी की हा खेळ मुळात तरबेज खेळाडूंसाठी काढलेलाच नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावात विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांच्याकडे वय झालेले व्यापारी लोक यायचे, त्यांना बास्केटबॉलची धावाधाव आणि धक्काबुक्की झेपेना. त्यांच्यासाठी मॉर्गननी मध्ये जाळी बांधून हा खेळ तयार केला. तेव्हा एका बाजूला किती गडी, याला बंधन नव्हतं. सहाच गडी हवेत हे नंतर आलं. तेव्हा आपण नऊ-नऊ जणी खेळलो तर काही बिघडत नाही.

आता गडी कसे वाटायचे? दोघी कॅप्टन उभ्या राहून एकेकीचं नाव घेत निवडतात, ती पद्धत बंद करा. शेवटी जी उरते तिला खेळाआधीच कळतं की आपण कुणाला नको आहोत. त्यापेक्षा लहानपणी आपण करायचो तसं करा. साधारण सारख्या खेळणाऱ्या दोघींनी जोडी करून बाजूला जायचं, कानात नावं ठरवायची, एक चिंच, एक आवळा. मग येऊन विचारायचं, "चिंच हवी की आवळा?" कॅप्टनला माहीत नसतं कोण कोणती, त्यामुळे वशिला नाही आणि दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. आपल्या तोडीची कोण, हे ज्या त्या बाईला बरोबर ठाऊक असतं. डाव १५ गुणांचाच ठेवा आणि प्रत्येक डावानंतर पुन्हा गडी पाडा. सासू-सून एका बाजूला येतात, मग समोरासमोर येतात, त्यातही मजा असते.

जाळी नसली तर दोन बांबूंना दोर बांधा आणि दिसावा म्हणून त्यावर जुनी साडी टाका. दोर किती उंच बांधायचा, हे मात्र महत्त्वाचं आहे. नवख्यांसाठी खाली बांधावा असं वाटतं, पण खालच्या दोरावरून उंच, जोरकस बाई चेंडू थेट खाली हाणते आणि समोरची घाबरते. म्हणून सगळ्यात उंच बाईला हात वर करायला सांगा आणि तिच्या बोटांच्या एक वीत वर दोर बांधा. साडेसात फुटांच्या आसपास येतं. बायकांच्या मोठ्या सामन्यांत जाळी २.२४ मीटर असते, म्हणजे सुमारे सात फूट चार इंच. इतक्या उंचीवर चेंडू वरून कमान करून, सावकाश येतो आणि त्याच्याखाली जाऊन उभं राहायला वेळ मिळतो. चेंडूही सुरुवातीला हलका रबरी घ्या. खरा व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा असतो, नव्या हातांना मनगटावर लागतो आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आठवतो.

आता सवलतींचं. लहान पोरांत आपण एखाद्याला 'लिंबूटिंबू' करतो, तो खेळतो पण धरत नाहीत. मोठ्या बाईला असं करू नका. "तिला झेलू दे, तिला जमत नाही" हे सगळ्यांसमोर ऐकून कोण परत येईल? सवलत द्यायची तर नियमच सगळ्यांसाठी करा. व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला चेंडू तीनदा मारता येतो आणि एकीला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. आपला नियम असा: पहिल्यांदा आलेला चेंडू कुणीही झेलला तरी चालेल. थ्रोबॉलमध्ये झेलून तीन सेकंदांत परत टाकतात, तसंच झेलून लगेच आपल्याच बाजूच्या दुसरीकडे द्यायचा. पुढचे दोन मात्र मारायचेच. जिला येतं ती झेलणारच नाही, आणि नवखी झेलतेय याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. दुसरा नियम, किमान दोघींचे हात लागल्याशिवाय चेंडू पलीकडे जायचा नाही. तिघींचे लागून गेला आणि गुण मिळाला तर तो दोन धरा. मग बघा, तरबेज बाईच ओरडून चेंडू मागे देते की नाही!

सर्व्हिस खालून हाताने, जिथून पोचेल तिथून, दोन संधी. एकीने लागोपाठ तीन गुण काढले की सर्व्हिस तिच्या शेजारणीकडे. नाहीतर एकटीच सर्व्हिस करत राहते आणि बाकीच्या डास मारतात. सर्व्हिस आपल्या बाजूला परत आली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखी एकेक जागा सरकायची. जास्त जणी असतील तर त्याच वेळी एक बाहेर, बाहेरची आत. नुसतं बसून राहणं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

चेंडू रेषेच्या आत की बाहेर, यावर वाद झाला तर गुण रद्द, पुन्हा सर्व्हिस. गटाच्या बैठकीतली भांडणं मैदानावर आणू नका, एवढं मात्र मी हक्काने सांगते.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही म्हणून बोलते. बाळंतपणानंतर उडी मारली की थोडी लघवी होते, हे पुष्कळ जणींना होतं आणि त्यापायी त्या खेळायला येत नाहीत. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्यामुळे हे होतं आणि ते आवळायच्या व्यायामाने बऱ्याच जणींना फरक पडतो. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा, लाजू नका. आपल्या खेळात उडी मारायची सक्ती नाही, दोर उंच ठेवण्याचा हाही एक फायदा. गरोदर बाईने गुण मोजायला बसावं. काचेच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घाला, साडी असेल तर पदर घट्ट खोचा आणि आधी सगळ्यांनी मिळून मैदानातले खडे वेचा.

चेंडू आणि पंप कुणाकडे राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दर आठवड्याला घर बदललं तर उत्तम, कारण चेंडू जिच्या घरी, तिला पाहुणे आले तरी मैदानावर यावंच लागतं.