टीम टिकवणारा माणूस

मँचेस्टर सिटीचा कोच कोणत्या फॉर्मेशनने खेळतो, हे कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. चहा थंड होईपर्यंत उत्तरं येत राहतील. मग दुसरा प्रश्न टाका : भारताच्या फुटबॉल टीमचा कोच कोण? आता शांतता. कोणीतरी हळूच खिशातून मोबाइल काढतं.

त्याचं उत्तर आहे खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची नेमणूक झाली. या एका खुर्चीसाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत स्टीफन कॉन्स्टन्टाइन होते, ज्यांनी आधी दोनदा भारताची टीम सांभाळली होती. स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच होते. आणि तिसरे होते मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद. गोव्याचे साविओ मेदेरा २०१२ मध्ये पायउतार झाले, त्यानंतर तेरा वर्षांनी एका भारतीय माणसाला ही खुर्ची पूर्ण वेळ मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस, मग कपाटभर ट्रॉफ्या असतील! तर नाहीत. खालिद यांच्या करिअरचा मोठा भाग पॉइंट टेबलच्या खालच्या अर्ध्यात गेलाय. आणि तोच भाग आपण नीट वाचायला हवा, असं मला वाटतं.

कुवेत ते कूपरेज

खालिद यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. फुटबॉलची गोडी तिथेच लागली. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि तिथल्या भारतीयांचं आयुष्य रातोरात उलटंपालटं झालं. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तेव्हा विमानांनी मायदेशी आणलं गेलं, तेच ज्यावर पुढे ‘एअरलिफ्ट’ सिनेमा निघाला. या आखाती युद्धामुळे खालिद यांचं कुटुंबही भारतात परतलं. ऐन शाळेच्या वयात देश बदलला, मैदान बदललं.

मुंबईत तेव्हा फुटबॉल खेळून पोट भरायचं असेल तर रस्ता ठरलेला होता : ऑफिसची टीम. बँका, रेल्वे, पोलीस, मोठ्या कंपन्या, सगळ्यांच्या टीम्स असायच्या. खेळाडूला पगार मिळायचा आणि घरच्यांना ‘मुलगा नोकरीला आहे’ असं सांगता यायचं. खालिद आधी महिंद्राकडे गेले, मग एअर इंडियाकडे, मग २००२ मध्ये पुन्हा महिंद्राकडे. मिडफिल्डमध्ये खेळायचे. भारताची जर्सीही अंगावर चढली. ते महिंद्रात असतानाच क्लबने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला, तिथे ते खेळाडू म्हणून दाखल झाले. पण दुखापतींनी तोवर चांगलंच सतवलं होतं.

२००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच मुंबई एफसीने त्यांना कोच केलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये बसायचे, त्यांनाच आज बाकावर बसवायचं. विचार करा, तुमच्या ग्रुपमधल्या मित्राला उद्या तुमचं प्रॅक्टिकल तपासायला सांगितलं तर?

टेबल खालून वाचा

आपण पॉइंट टेबल नेहमी वरून वाचतो. खालिद यांचं काम समजून घ्यायचं तर खालून वाचा. आय-लीग ही तेव्हा देशातली सगळ्यात वरची लीग. तिथे तळाला राहणारी टीम खालच्या विभागात ढकलली जाते. मुंबई एफसीकडे कोलकाता-गोव्याच्या क्लबांसारखे पैसे नव्हते, परंपरा नव्हती, गर्दी नव्हती. कूपरेजच्या मैदानाचं काम निघालं तेव्हा तर घरचे सामने खेळायला पुण्याला, बालेवाडीला जावं लागायचं. घरच्या मैदानासाठी एक्स्प्रेस वे पार करायचा!

अशा टीमला खालिद यांनी जवळपास सात मोसम वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवलं. दरवर्षी नवी टीम बांधायची, दरवर्षी तळाच्या आसपास घिरट्या घालायच्या आणि दरवर्षी शेवटी कसंबसं पाण्याच्या वर डोकं ठेवायचं. डिफेन्स घट्ट, मधली फळी कष्टाळू आणि संधी मिळाली की झटकन काउंटर अटॅक. दिसायला सुंदर नव्हतं. ‘बोरिंग फुटबॉल’ अशी टीका भरपूर झाली. पण लक्षात घ्या, बोरिंग खेळून टिकलेल्या टीममधल्या पोरांना पुढच्या वर्षी पगार मिळतो. देखणं खेळून घसरलेल्या टीममध्ये तो मिळेल याची खात्री नसते.

२०१५-१६ च्या मोसमानंतर मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला.

कल्याण-डोंबिवलीपेक्षा लहान राज्य

आता एक आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४७ हजार होती. आणि अख्ख्या मिझोराम राज्याची? सुमारे १० लाख ९७ हजार. म्हणजे आपण रोज सकाळी ज्या गर्दीतून लोकल पकडतो, त्या गर्दीपेक्षा लहान ते राज्य. पण तिथे फुटबॉल म्हणजे जीव की प्राण.

त्या राज्यातला आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं आणि जागा रिकाम्या झाल्या, म्हणून आयझॉलला परत घेतलं गेलं. नोकरी गेलेला कोच आणि घसरलेली टीम, अशी ही जोडी जमली. खालिद यांनी मुंबई एफसीतले ओळखीचे खेळाडू सोबत नेले : आपला मराठी मिडफिल्डर जयेश राणे, बचावपटू आशुतोष मेहता. जोडीला सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जर्यान. बाकी बहुतेक मिझो पोरं.

पुढे जे झालं ते कोणी स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर आपण ‘काहीही दाखवतात’ म्हणालो असतो. एप्रिल २०१७ मध्ये आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १–० ने हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध शेवटची मॅच, विजेतेपदासाठी फक्त एक पॉइंट हवा. सुरुवातीलाच गोल खाल्ला. दुसऱ्या हाफमध्ये विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि १–१ वर शिट्टी वाजली. आयझॉल ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाचा चॅम्पियन झाला.

त्याच मोसमात तळाला कोण राहिलं, माहितीये? मुंबई एफसी. खालिद गेल्यावर पहिल्याच वर्षी टीम घसरली आणि थोड्याच दिवसांत क्लबच बंद पडला. सात वर्षं ज्या कामाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याची किंमत ते काम थांबल्यावर कळली.

सगळंच छान झालं नाही

इथे गोष्ट संपवली तर सिनेमा होईल. पण करिअर तसं चालत नाही. चॅम्पियन कोच म्हणून खालिद कोलकात्यात ईस्ट बंगालकडे गेले. तिथे विजेतेपद आलं नाही, एका मोसमात निरोप मिळाला. २०१९ मध्ये मोहन बागान. तिथेही बस्तान बसलं नाही. हजारोंच्या गर्दीला दर आठवड्याला जिंकायचंच असतं, तिथे ‘टिकून राहणं’ या कौशल्याला फारसा भाव नाही.

मग त्यांनी एक पायरी खाली उतरणं मान्य केलं. आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहाय्यक म्हणून काम केलं. त्या काळात आयएसएलचं न लिहिलेलं सूत्र होतं : मुख्य कोच परदेशी, सहाय्यक भारतीय. जानेवारी २०२१ मध्ये परदेशी कोचला काढलं आणि उरलेल्या मोसमापुरती टीम खालिद यांच्या हातात आली. लीगमधली एकही मॅच न हरता त्यांनी ती सेमी फायनलला नेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आयएसएल क्लबचे पहिले पूर्ण वेळ भारतीय मुख्य कोच झाले. पण पुढचाच मोसम फसला, अकरा टीम्समध्ये नंबर दहावा. मग पुन्हा आयएसएलच्या बाहेर. २०२३ संपता संपता जमशेदपूर एफसीने बोलावलं. तळाशी चाचपडणारी ती टीम २०२४-२५ मध्ये लीगची सेमी फायनल आणि सुपर कपची फायनल खेळली. सलग दोन वर्षं भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना सर्वोत्तम कोच ठरवलं.

आलेख काढून बघा : वर, खाली, वर, खाली. आपल्यापैकी अनेक जण पहिल्या कॅम्पस इंटरव्ह्यूला नकार आला की ‘माझं काही होणार नाही’ असं स्टेटस टाकतात. मीही त्यातलीच.

हिसोरची परीक्षा

भारताचे कोच म्हणून पहिली स्पर्धा होती ताजिकिस्तानात, हिसोर शहरात, ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये. देशातल्या लीगचं भवितव्य तेव्हा अधांतरी होतं, मोहन बागानने आपले खेळाडू शिबिराला सोडले नव्हते. तरी यजमान ताजिकिस्तानला २–१ ने हरवलं.

दुसरी मॅच इराणशी. इराण म्हणजे आशियातली दादा टीम, वर्ल्ड कपची तिकिटं कधीच काढून बसलेली. त्यांचे कोच अमीर गालेनोईसुद्धा मायदेशात खेळून घडलेले. तेहरानच्या इस्तेघलाल क्लबकडून खेळले, मग कोच म्हणून इस्तेघलाल आणि सेपाहान या दोन्ही क्लबांना लीग जिंकून दिली. इराणनेही कार्लोस केरोश यांच्यासारख्या परदेशी कोचला अनेक वर्षं टीम दिली होती. पण घरचा कोच तयार होईल अशी मजबूत लीग त्यांनी मोडू दिली नाही. दोन्ही बाकांवर घरचेच कोच, पण मागे उभी असलेली व्यवस्था वेगळी. हाफटाइमपर्यंत भारताने ०–० रोखलं, शेवटी ०–३ ने हरलो.

मग अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या जागेसाठी क्रमवारीत आपल्यापेक्षा खूप वरच्या ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. देशभर ‘खालिद, खालिद’ झालं.

सव्वा महिना टिकलं ते. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १–२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १–० ने हरवलं, २२ वर्षांत पहिल्यांदा. या दोन पराभवांबद्दल प्रश्न विचारलेच पाहिजेत. मडगावात आघाडी घेऊन ती का टिकली नाही? टिकवणं हीच तर खालिद यांची खासियत. देशी कोच आहे म्हणून त्यांना सूट देऊ नका. फक्त परदेशी कोचला जेवढा वेळ दिला, तेवढा त्यांनाही द्या.

आणि आपल्याकडे?

एक गोष्ट मात्र राहून राहून खटकते. खालिद ज्या क्लबांकडून खेळले, त्यातला एकही आज देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. महिंद्राने २०१० मध्ये टीम बंद केली, २०१३ मध्ये एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर पडली, २०१७ मध्ये मुंबई एफसी संपला. ज्या शिडीवरून ते वर गेले, तिच्या पायऱ्या मागून काढून घेतल्या गेल्यात. आज डोंबिवलीचा एखादा चांगला मिडफिल्डर फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरून ट्रायलला जाईलही, पण ‘मुलगा नोकरीला आहे’ असं घरी सांगता येईल अशा जागा किती उरल्यात?

आपल्याकडे टर्फ मात्र वाढले. घोडबंदर रोडपासून कल्याणपर्यंत रात्री अकराला दिवे चालू असतात. वर्गणी काढून तासभर खेळायचं, रील टाकायचं, घरी जायचं. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण तिथे गोल होतात, टीम होत नाही. टीम होण्यासाठी पुढच्या आठवड्यातही त्याच पोरांना बोलावणारा, उशिरा आलेल्याला पळवणारा आणि हरल्यावर थांबून बोलणारा एक माणूस लागतो.

तो माणूस तुम्हीही होऊ शकता. अठरा पूर्ण असतील तर महासंघाच्या ‘ई’ लायसन्सपासून सुरुवात होते, लहान मुलांना शिकवण्यासाठी. मग डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. शिडी लांब आहे, वर्षं जातात आणि वाटेत नोकऱ्याही जातात. पण तुमच्या सोसायटीखाली आठ-दहा पोरं रोज संध्याकाळी चप्पलांचे गोलपोस्ट करून खेळत असतील, तर त्यांना कोच आजपासूनच हवा आहे.