छऱ्याच्या बंदुकीला किती ताकद पुरते?

लेखमाला : नेम आणि नियम – भाग ४

गेल्या आठवड्यात छऱ्याच्या बंदुकीचे तीन प्रकार पाहिले : स्प्रिंगची, गॅस-रॅमची आणि आधी हवा भरून ठेवायची. आज सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न घेऊ. हिची ताकद वाढवता येते का, आणि वाढवावी का?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या शिवारात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. ऊस, भुईमूग, सोयाबीन राखायचं असतं, म्हणून एखाद्या घरात एअरगन असते. दूधगंगा ओलांडली की कागल, आणि तिथून पुढे कोल्हापूरपर्यंत कारखानेच कारखाने. लेथवर मापात काम करणारा हात शोधायला लांब जावं लागत नाही. त्यामुळे ‘भावा, स्प्रिंग बदलून घे, बार कडक बसतोय’ हा सल्ला कट्ट्यावर फुकट मिळतो. तो ऐकण्याआधी थोडा हिशोब मांडू.

ऊर्जा आणि वेग

४.५ मिलिमीटरचा छरा साधारण अर्धा ग्रॅम भरतो. स्पर्धेतली १० मीटर एअर रायफल त्याला सेकंदाला १७०-१७५ मीटर वेग देते. म्हणजे नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ७.५ ज्यूल. हाच छरा २० ज्यूलने सोडला तर वेग जातो २८०च्या थोडा वर. ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट झाली, वेग मात्र पावणेदोनपटसुद्धा झाला नाही. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शेवटचे थोडे मीटर मिळवण्यासाठी यंत्रावर भलताच ताण द्यावा लागतो.

या वाढीव वेगाने मिळतं काय? १० मीटरवर गुरुत्वाकर्षणाने छरा खाली येतो तो कमी ताकदीत पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास आणि जास्त ताकदीत पाऊण सेंटीमीटरच्या आत. फरक एका सेंटीमीटरचा, आणि तो नेम धरायच्या खाचेचा स्क्रू फिरवून भरून निघतो.

वेग आणखी वाढवत ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास नेला, तर उलटंच होतं. मधे बारीक कंबर असलेला हा छरा त्या वेगात डळमळतो आणि कागदावरच्या भोकांचा गट विस्कटतो.

स्प्रिंग कडक केली की

स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा दाबतो आणि त्या दाबाने छरा सुटतो. दट्ट्या जड असतो. तो पुढे धावताना बंदूक मागे सरकते आणि दट्ट्या टोकाशी पोचताना पुढे ढकलली जाते. हा हिसका छरा अजून नळीत असतानाच सुरू होतो. स्प्रिंग कडक केली की हिसका वाढतो, आणि तुम्ही घेतलेला नेम छरा बाहेर पडेपर्यंत तसाच राहत नाही. म्हणून घरी ‘पॉवर वाढवलेली’ बंदूक पत्र्याला मोठं भोक पाडते, पण कागदावर दहा छरे दहा दिशांना जातात.

यंत्रावरचा परिणाम वेगळाच. मूळ दट्ट्या, वॉशर आणि सांधे एका ठरावीक ताणासाठी बनवलेले असतात. जास्तीच्या दणक्याने ते झिजतात, दुर्बीण बसवलेली असेल तर तिची काचही हलते. काहीजण दाबाच्या कोठीत तेल सोडतात. दबलेली हवा एवढी तापते की ते तेल पेट घेतं. आवाज मोठा होतो, मालक खूश होतो आणि सील जळतं. शिवाय आत दबलेली स्प्रिंग शिकंज्याशिवाय उघडली तर ती सरळ तोंडावर येऊ शकते.

कायद्याची रेघ

हत्यारांचा कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे सीमेवरच्या टोलनाक्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचापर्यंत नळी असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. यातली एक मर्यादा जरी ओलांडली तरी परवाना लागतो. म्हणजे दुकानातून पावतीसह आणलेली बंदूक स्प्रिंग बदलल्यावर विनापरवाना हत्यार ठरू शकते आणि पावती उपयोगी पडत नाही. हत्यार बनवणं, त्याचं रूपांतर करणं, दुरुस्ती करणं यालाही १९५९ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार परवाना हवा. तेव्हा लेथवाल्या मित्रालाही आपण अडचणीत टाकतो.

अशी मर्यादा भारतापुरतीच आहे असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये विनापरवाना एअर रायफलची रेघ १२ फूट-पौंडांवर, म्हणजे १६ ज्यूलच्या जरा वर आहे. जर्मनीत ती अवघी ७.५ ज्यूल. छऱ्याच्या बंदुकीला खेळणं समजण्याचं कारण नाही, हे इतिहासही सांगतो. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे जिरार्डोनीची हवेवर चालणारी रायफल होती.

शिकारीचा प्रश्न तर ज्यूलवर ठरतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मोर, पोपट, ससा यांच्यावर छरा झाडणं गुन्हा आहे, मग बंदूक कितीही कमी ताकदीची असो. ‘उपद्रवी’ प्राण्यांची जुनी यादी, जिच्यात कावळाही होता, ती २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली.

सुधारणा करायचीच तर

ताकदीशिवाय नेम सुधारता येतो याचा पुरावा आपल्याजवळच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्ण आणलं आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला, तेही याच प्रकारात. त्यांच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि त्यावर सुटणारा छरा ७.५ ज्यूलच्या आसपासचा.

म्हणून खर्च करायचा तो इथे करा. चार-पाच प्रकारचे छरे आणून तुमच्या नळीला कुठला मानवतो ते कागदावर गट काढून बघा. दस्ता खांद्याला नीट बसतो का ते पाहा. स्क्रू ढिले आहेत का तपासा. चाप हळूहळू, श्वास अर्धा सोडून ओढायचा सराव करा. स्प्रिंग थकली असेल तर कंपनीच्या मापाचीच बसवा, आणि ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच.

लक्ष्यामागे वाळूचं पोतं किंवा मातीचा बांध हवा. चुकलेला छरा दोन-तीनशे मीटर पलीकडेही पडू शकतो, आणि आपल्याकडे उसाच्या पलीकडे बहुधा पाणंद, वस्ती नाहीतर हमरस्ता असतो. दगड, पत्रा, बाटली यांवर नेम धरू नका, छरा उलटतो. डोळा जायला फार ताकदही लागत नाही, तेव्हा चष्मा घाला आणि बंदूक मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

पुढच्या आठवड्यात : छरे कसे निवडायचे आणि पाच छऱ्यांचा गट कसा मोजायचा.